जनेच्या ‘ले बॉन’चं अभिवाचन: प्रेक्षकांना आधी काय सांगावं? (बजेट 6,000)

दोनअंकी
फ्रेंच नाटककार ज्याँ जनेच्या ‘ले बॉन’ (‘मोलकरणी’) या नाटकाचं अभिवाचन ठरवलं आहे. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली, 30 खुर्च्या, प्रवेश फुकट. मराठी संहिता आमच्यातल्या एकीने थेट फ्रेंचवरून केली आहे. खर्च सगळा धरून 6,000 रुपये, चहापाणी त्यातच. प्रश्न तीन. दोघी बहिणी मालकिणीच्या खोलीत ‘मालकीण-मोलकरीण’ खेळतायत हे आधी सांगावं का? पापँ या मोलकरीण बहिणींनी मालकिणीचा खून केला, त्यावरून नाटक घेतलं म्हणतात; त्याचा उल्लेख आधी करावा की नंतर? आणि लोक कुठे हसतात, कुठे चुळबुळतात? चित्रपट दाखवा असं कृपया सुचवू नका.

रीळवाला
चित्रपटच दाखवा. 1974 चा, ग्लेंडा जॅक्सन आणि सुझाना यॉर्क, मालकिणीच्या, म्हणजे मादामच्या, भूमिकेत व्हिव्हियन मर्चंट. वाचनात तो जाच येणार नाही. चांगला प्रोजेक्टर 40 हजारांत मिळतो, पुढेही कामाला येईल.

कलमबहाद्दर
धागाकर्त्याने काय लिहिलंय ते तरी वाचा. हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांपुढे नाट्यकृती सादर केली तर आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सवलत आहे. ती साहित्य, नाटक आणि संगीताला आहे, चित्रपटाला नाही. त्यामुळे वाचन त्यात बसतं, प्रोजेक्टर नाही.
पण खरी गोम भाषांतरात आहे. जने वारला 1986 मध्ये. आपल्याकडे हक्क मृत्यूनंतर 60 वर्षं, म्हणजे 2046 संपेपर्यंत. भाषांतर करण्याचा हक्क वेगळा असतो आणि तो त्या सवलतीत येत नाही. गालीमार या फ्रेंच प्रकाशकाच्या हक्क विभागाला आजच मेल टाका, उत्तर यायला वेळ लागतो. उद्या तिकीट लावावंसं वाटलं तर संहिता नाटकं तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडेही पाठवावी लागेल.

तिसरीघंटा
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: सांगू नका. एक अक्षरही नको.
सगळा डाव पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत आहे. पडदा उघडतो तेव्हा एक बाई मालकिणीच्या तोऱ्यात मोलकरणीला झापत असते आणि मोलकरणीला ‘क्लेअर’ म्हणत असते. लोक धरून चालतात की ही मादाम. प्रत्यक्षात मादाम झालेली क्लेअर आहे, आणि क्लेअर झालेली तिची बहीण सोलांज. मग घड्याळाचा गजर होतो, दोघींचा आवाज खाली येतो, आणि प्रेक्षकाला कळतं की आपण फसलो. त्याआधी जनेने एकच सूचक वाक्य पेरलंय: ‘मादाम’ म्हणते की क्लेअर आणि सोलांज यांच्यात माझा गोंधळ होतो. ते वाक्य सपाट वाचायचं. जोर दिलात तर हुशार प्रेक्षक तिथेच सुटतो.
यातून दोन कामं निघतात. दार वेळेवर बंद, उशिरा येणाऱ्याला आत घ्यायचं नाही. तो गजरानंतर आला तर त्याच्यासाठी हे नुसतं दोन बहिणींचं भांडण. आणि पात्रपरिचयाचा कागद वाटू नका. ‘क्लेअर: अमुक’ छापलंत की खेळ खलास.

जुनीफाईल
असहमत. पापँ प्रकरण आधी सांगितल्याशिवाय आजच्या माणसाला काहीही लागणार नाही. 2 फेब्रुवारी 1933, फ्रान्समधलं ल माँ शहर. क्रिस्तीन आणि लेआ या सख्ख्या बहिणी, घरकामाला एकाच घरात. इस्त्रीमुळे फ्यूज उडाला, घर अंधारात, मालकीण आणि तिची मुलगी बाहेरून आल्या, आणि बहिणींनी त्या दोघींचा जीव घेतला. क्रिस्तीनला मृत्युदंड, मग तो कमी झाला, 1937 मध्ये ती इस्पितळातच वारली. लेआला दहा वर्षं. मनोविश्लेषक लाकाँने 1933 मध्येच ‘मिनोतोर’ मासिकात यावर लिहिलं. पाच मिनिटांत सांगून होतं.

बाडिस_काकू
जुनीफाईल यांच्याशी बाडिस (सहमत). माहिती दिलीच पाहिजे. आणि चित्रपट दाखवा.

तिसरीघंटा
जुनीफाईल, माहिती पक्की, पण वेळ चुकीची. जनेच्या नाटकात मादामचा खून होतच नाही. ‘खून’ हा शब्द आधी कानात घातलात की लोक तासभर मादाम कधी मरते याची वाट पाहणार, ती झोपेच्या गोळ्या घातलेला चहा न पिता निघून गेली की हिरमुसणार, आणि शेवटी क्लेअर तोच कप मागते तेव्हा ‘हे काय?’ म्हणणार. शिवाय या खुनावरून नाटक घेतलं हे जनेने स्वतः मान्य केलं नव्हतं. नंतरच्या चर्चेत खुशाल सांगा.

शेवटचीरांग
शेवट सांगून टाकलात! स्पॉयलर अशी सूचना लिहायची पद्धत आहे की नाही?

रीळवाला
1947 च्या नाटकाला कसला स्पॉयलर.

आतेने_47
47 निघालंच आहे तर: पहिला प्रयोग एप्रिल 1947, पॅरिसचं आतेने थिएटर, दिग्दर्शक लुई जुवे, नेपथ्य क्रिस्तियाँ बेरारचं. त्याच संध्याकाळी नाटककार जिरोदूची एक हलकीफुलकी एकांकिका जोडीला होती. सजूनधजून आलेला वर्ग जिरोदूसाठी तिकीट काढून बसलेला, आणि समोर चोरीच्या शिक्षा भोगलेल्या लेखकाच्या दोन मोलकरणी मालकिणीच्या कपाटातले झगे घालून बसलेल्या. घरी गेल्यावर आपल्याही मोलकरणीच दार उघडणार, हे त्यांना माहीत होतं. नाराजी उघड होती. ‘गरिबांचं नाटक’ म्हणून बघायला गेलेलेही वैतागले, कारण यात कुणाची बाजूच घेतलेली नाही. पुढे 1963 मध्ये जनेने हे नाटक कसं खेळावं यावर टिपण लिहिलं आणि त्यात साफ म्हटलं की नोकरांच्या हालअपेष्टांची ही वकिली नाही, त्यासाठी त्यांची संघटना असेलच. गालीमारच्या ‘फोलिओ’ मालिकेतल्या स्वस्त आवृत्तीत ते टिपण आहे. वाचणाऱ्या तिघींना ते आधी वाचायला द्या.
सिडनीच्या 2013 च्या प्रयोगात केट ब्लांचेट आणि इझाबेल उपेर होत्या, कॅमेरे लावून चेहरे मोठ्या पडद्यावर. तिथेही मतं दुभंगली, उपेरच्या इंग्रजी उच्चारांवरून कुरकुर झाली. तेव्हा सगळ्यांना आवडावं हा हट्ट सोडा.

पुरुषपात्री
मुळात भूमिका पुरुषांनीच करायच्या असतात. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने लिहून ठेवलंय.

आतेने_47
जनेला मुलगे हवे होते हे सार्त्र म्हणतो, 1952 मध्ये. जुवेच्या प्रयोगात तिन्ही बायका होत्या. आपल्याकडे लुगडं नेसलेला पुरुष दिसला की लोक पहिल्या मिनिटाला हसतात आणि ते हसू शेवटपर्यंत उतरत नाही.

पुरुषपात्री
बालगंधर्वांना कोण हसलं होतं?

*(यावर पुढचे अकरा प्रतिसाद बालगंधर्वांवर. संपादकांनी वेगळ्या धाग्यात हलवले आहेत.)*

विंगेतला
आता कामाचं. वाचन असलं तरी तीन वस्तू लागतातच.
हातमोजे: भांडी घासायचे रबरी, हाताच्या मापापेक्षा एक नंबर मोठे. आत टाल्कम पावडर. नाहीतर घामाने चिकटतात, ओढून काढताना बोटं उलटी होतात आणि गंभीर प्रसंगात फटाक् आवाज येतो. तिथे हशा ठरलेला.
घड्याळ: किल्लीचं, स्वयंपाकघरातलं. मोबाइलचा गजर नको, कारण ते घड्याळ नंतर मादामला दिसतं आणि ‘हे इथे कसं?’ असं ती विचारते. गजराचा काटा भरवशाचा नसतो, पाच-सात मिनिटं इकडेतिकडे होतात. म्हणून काटा प्रसंगाच्या बराच आधीच्या वेळेवर लावा, बंद करायची कळ दाबून ठेवा आणि नेमक्या शब्दावर सोडा. गजराची किल्ली दोन-तीनच पिळे द्या. पूर्ण दिलीत तर अर्धा मिनिट कोकलत बसतं.
चहा: नाटकात लिंडनच्या फुलांचा काढा, त्यात झोपेच्या दहा गोळ्या. आपल्याकडे गवती चहा गाळून, दूध न घालता, रंग जवळपास तोच येतो. वाफ दिसायला हवी, तेव्हा थर्मासमधून ऐनवेळी ओता आणि पंखा बंद. मादाम कप ओठाशी नेते, बोलते, खाली ठेवते, असं होत राहतं. दरवेळी बशीचा आवाज आला पाहिजे. प्रेक्षकांचा श्वास तिथे अडकतो.
चुळबुळ होते ती सोलांजच्या शेवटच्या लांब स्वगतात. ते मधून कापू नका, बाईंना उभं राहून वाचायला सांगा.
आणि प्रेक्षकांना चहा शेवटीच द्या. आधी दिलात तर कपबश्या वाजतात.

बाडिस_काकू
चहा शेवटीच. सहमत.

दुभाषी
भाषेकडे कुणी बघितलंच नाही. खेळात मोलकरीण मालकिणीला ‘व्हू’ (आदरार्थी ‘तुम्ही’) म्हणते, गजर झाला की बहिणी एकमेकींना ‘तू’. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द, तिथे हा सांधा गायब. मराठीत आपण-तुम्ही-तू असं फुकट मिळतंय, तेव्हा गजराआधी ‘आपण’ आणि गजरानंतर पहिल्याच वाक्यात ‘तू’. घड्याळ वाजलं नाही तरी प्रेक्षकाला कळेल.
नावाचंही बघा. ‘बॉन’ म्हणजे मोलकरीण आणि ‘चांगली’सुद्धा, मादाम किती चांगली, असं त्या घोकतात त्यात हा चिमटा आहे. मराठीत तो जमत नाही, पण दुसरा आहे. घरची मालकीण ‘बाई’ आणि धुण्याभांड्याची तीही ‘बाई’च. मादामला ‘मॅडम’ करू नका, ‘बाई’ ठेवा.

फुलंनकोत
नेपथ्यात फुलांचा ढीग लिहिलाय म्हणून ग्लॅडिओलाचे गठ्ठे आणू नका. एका वाचनासाठी पैसे पाण्यात.

दोनअंकी
सर्वांचे आभार. ठरलं ते असं. आधी काहीही सांगणार नाही, कागदही नाही. तिन्ही बायकाच वाचतील. गालीमारला मेल केला आहे, परवानगी येईपर्यंत तारीख जाहीर करत नाही. दुभाषी यांचा ‘आपण’ आणि ‘बाई’ जसंच्या तसं उचललं. फुलं रद्द. हातमोजे आणि जुन्या बाजारातलं घड्याळ मिळून 900 गेले.
चहा मात्र शेवटी नाही. दार बंद करायच्या आधी प्रत्येकाच्या हातात गवती चहा देणार, बिनदुधाचा, टेबलावरच्या कपात असेल तोच. मादाम कप ओठाशी नेईल तेव्हा समोरच्या तीसजणांच्या हातातही तोच असेल.

विंगेतला
कपबश्या वाजतील म्हटलं ना.

दोनअंकी
वाजू देत. बश्या मुद्दाम भाड्याने आणतोय.