रिओ दोन दिवसांत ‘उरकणाऱ्यांना’

डोंगरवेडी
परवा ‘हिशेबी’ यांनी ‘रिओत वाळूवर पैसे घालण्याआधी वाचा’ असा लांबलचक लेख टाकला. म्हणणं थोडक्यात असं : पहिल्या दिवशी ख्रिस्ताचा पुतळा, दुसऱ्या दिवशी शुगरलोफचा डोंगर, संध्याकाळी कोपाकबानाच्या किनाऱ्यावर अर्धा तास फोटो, झालं रिओ. लगेच इग्वासूचे धबधबे गाठा, कारण ‘समुद्र काय, सगळीकडे सारखाच’. तिथे प्रतिसाद लिहायला बसले तो लेखाएवढाच झाला, म्हणून वेगळा धागा.

आधी तुमच्या वेळापत्रकाबद्दल. पुतळा ज्यावर आहे तो कोर्कोवादो सातशे मीटरचा डोंगर, समुद्राला खेटून. खालून पुतळा लख्ख दिसत असतो आणि दातेरी रुळांची गाडी वर पोचेपर्यंत ढगात गडप. आम्ही वर गेलो तेव्हा शेजारचं एक कुटुंब चौथऱ्याचेच फोटो काढत होतं, कारण त्याच्या वर काही दिसतच नव्हतं. त्यांचं संध्याकाळी पुढचं विमान. दोन दिवसांच्या आखणीत ढगांचा हिशेब कुठे धरलाय? हाताशी मोकळे दिवस ठेवा, ज्या सकाळी आभाळ स्वच्छ त्या सकाळी वर जा. उरलेला वेळ किनाऱ्यावर.

आणि किनारा सारखा कसा हो? लेमपासून लेब्लॉनपर्यंत जीवरक्षकांचे मनोरे आहेत, पोस्तो, १ ते १२ नंबरांचे. तिथली माणसं पत्ता सांगतात तो ‘पोस्तो ९ ला ये’ असा. खुर्ची-छत्री भाड्याने घ्यायची, तंबूवाल्याकडे खातं चालू ठेवायचं, निघताना चुकतं करायचं. खांद्यांना दोन स्टीलची पिंपं अडकवून मातेवाला येतो (माते म्हणजे तिथला चहासारखा पाला); एका तोटीतून थंडगार माते, दुसरीतून लिंबाचं सरबत, दोन्ही एकाच पेल्यात. चार घोट झाले की तो आपणहून पेला वरपर्यंत भरून देतो. रविवारी किनाऱ्यालगतचा रस्ता गाड्यांना बंद, आजी-आजोबांपासून कुत्र्यांपर्यंत सगळं शहर तिथे. हे अर्ध्या तासात बघून झालं?

हिशेबी
लेख पूर्ण वाचला असतात तर टंकायचे कष्ट वाचले असते. ‘रजा मोजून मिळणाऱ्यांसाठी’ हे पहिल्याच ओळीत आहे. भारतातून रिओला थेट विमान नाही, येण्या-जाण्यातच रजा संपते. एवढं लांब जाऊन पावणेतीनशे धारांचा धबधबा सोडून मी खुर्चीत माते पीत बसू?

शुगरलोफची केबल कार १९१२ पासून चालू आहे. ३९६ मीटरवरून कोपाकबाना, बोताफोगो, सगळं एका नजरेत दिसतं. वरून दिसतंय ते बघायला खाली जाऊन वाळू चावायची हौस मला नाही.

शिवाय तुमच्या त्या रम्य फुटपाथवर माझ्या मेव्हण्याच्या हातातला फोन गेला. सायकलवाला आला, फोन घेतला, गेला. मेव्हणा पुढचा सगळा प्रवास आमच्या फोनवरून ऑफिसचे मेल बघत होता. त्याबद्दल धाग्यात एक अक्षर नाही.

चिकूची_आई
फोन हातात नाचवत चाललं तर कुठेही जातो. एक साधा फोन नि थोडे रेआल (तिथले पैसे) घेऊन जायचं, बाकी सगळं हॉटेलच्या तिजोरीत. अंगठी, साखळी, घड्याळ काही नको.

पण डोंगरवेडी, तुम्हीही समुद्राबद्दल काहीच लिहिलं नाहीत, याचा मला जास्त राग आला. लहान मुलं घेऊन जाणारे वाचतात हे. कोपाकबाना-इपनेमाची लाट काठावरच आदळते आणि परत जाताना ओढून नेते. मी गुडघाभर पाण्यात होते, तर चष्मा गेला आणि चिकूचा हात सुटता सुटता राहिला. लाल बावटा असेल तर पाय भिजवायलाही जाऊ नका. पोरांना कोपाकबानाच्या टोकाला, पोस्तो ६ जवळ न्या, किल्ल्याच्या आडोशाला पाणी शांत असतं. नाहीतर केबल कारच्या स्टेशनला लागून प्राया व्हर्मेल्या आहे, चिमुकला किनारा. बोताफोगो फोटोत कितीही सुंदर दिसला तरी तिथे उतरू नका, ते खाडीतलं घाण पाणी आहे. आणि जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी कुठेच डुंबू नका, शहराची सगळी घाण समुद्रात उतरलेली असते.

हिशेबी
म्हणजे किनाऱ्यावर राहा, पण फोन नेऊ नका, पाण्यात जाऊ नका, पाऊस पडला तर बघूही नका. माझाच मुद्दा मांडल्याबद्दल आभार.

निवृत्त_प्रवासी
तुम्ही जायच्या गप्पा मारताय, परत येण्याचं कुणी बोलेल का? ब्राझीलहून येणाऱ्याकडे पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला नसेल तर आपल्याकडे विमानतळावर अडवतात. सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. आमच्यासोबतच्या एका जोडप्याला टूरवाल्याने ‘ब्राझील लस मागत नाही’ एवढंच सांगितलं. ते खरंच होतं! मागतो तो आपला देश. बिचारे उतरल्यावर काउंटरपाशी रडवेले होऊन उभे, आम्ही बॅगा घेऊन बाहेर. टूरवाल्याचा फोन अर्थातच बंद.

खोचक
काय अडाणी नियम आहे! कोपाकबानावर नारळपाणी पिऊन कुणाला पिवळा ताप झालाय? सरकारी खात्यांना शिक्के मारायची हौस, दुसरं काही नाही. मी दाखला घेऊन गेलो, परतताना कुणी विचारलंसुद्धा नाही.

लॅबवाली
तुम्हाला विचारलं नाही म्हणून नियम अडाणी? २०१७-१८ मध्ये ब्राझीलमध्ये मोठी साथ आली तेव्हा रिओ राज्यातही माणसं दगावली. हा ताप पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घरोघरी आहे, डेंग्यूवालाच. रोग मात्र आपल्याकडे अजून शिरलेला नाही. तो एकदा शिरला तर काय होईल याचा विचार करा आणि मग शिक्क्यांवर बोला.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी : लस ठरावीक केंद्रांवरच मिळते, घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि मग आयुष्यभर चालतो. तिकीट काढलं त्याच आठवड्यात वेळ घ्या.

निवृत्त_प्रवासी
आणि साठीच्या पुढच्यांनी? माझ्या डॉक्टरांनी दहा वेळा विचारलं, जायलाच हवं का म्हणून.

लॅबवाली
बरोबर विचारलं. जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर गंभीर त्रासाची शक्यता वाढते, तरी ती विरळच. प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा तशी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. ‘लस देऊ नये’ असं पत्र मिळालं तरी विलगीकरण टळेलच असं नाही. अंड्याची तीव्र अॅलर्जी असेल तर तेही सांगा, ही लस कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांवर वाढवतात.

सात्त्विक_सारंग
अंडं??? हे कुणी आधी का सांगत नाही? आमच्या घरात अंडं शिरलेलं नाही. आणि अशा देशात जाऊन खायचं तरी काय, तिथे तर शनिवारी हॉटेलाहॉटेलांत फेज्वादा, म्हणजे डुकराचं मांस घातलेली घेवड्याची उसळ, शिजते.

खोचक
सारंगराव, लस दंडात घ्यायचीय, ताटात नाही.

सात्त्विक_सारंग
कुणाच्या श्रद्धेची टिंगल करून फार मोठे होता का? साधा प्रश्न विचारला होता.

चिकूची_आई
दोघंही थांबा. सारंगदादा, जेवणाचं सांगते, ते सोपं आहे. ‘पोर किलो’ जेवणाच्या जागा शोधा. ताट आपण वाढून घ्यायचं, वजनावर पैसे. भात, परतलेली पालेभाजी, सॅलड, भाजलेलं केळं मिळतं. घेवड्याच्या उसळीत मात्र मांस घातलेलं असू शकतं, विचारून घ्या. आम्ही रोज तिथेच जेवलो, कुणी उपाशी राहिलं नाही. लशीचं तुमचं तुम्ही ठरवा.

डोंगरवेडी
किनाऱ्यावर सुरू झालेल्या धाग्यात सगळे दंड वर करून लशीला उभे! असो, लॅबवालींचा प्रतिसाद कुणीतरी वेगळा जपून ठेवा, तो माझ्या लेखाहून कामाचा आहे. (हे हिशेबींना उद्देशून नाही. त्यांचा लेख कामाचा नव्हताच.)

चिकूच्या आई, लाटांचं मान्य. पण मी पोहायला जा म्हटलंच नव्हतं. पोहता न येणारेही दिवसभर बसतात तिथे. माझी सासू, जिला घरच्या गच्चीत गाऊनवर यायचा संकोच, ती तिथे साडी पोटरीपर्यंत खोचून तास न् तास बसली होती. तिच्या वयाच्या बायका बिकिनीत पत्ते खेळत होत्या आणि हिच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. तिला इग्वासू आठवतही नाही.

हिशेबी
तुमच्या सासूबाईंना इग्वासू आठवत नाही, यात त्या धबधब्याचा काय दोष?

बरं, कोर्कोवादोच्या ढगांचा मुद्दा मी लेखात घालतो, तेवढा एक बरा होता. दोनाच्या तीन रात्री करा असं लिहीन. पण आर्पोआदोरच्या खडकावरून समुद्रात बुडणारा सूर्य बघायचाय म्हणून कुणी मे महिन्यात जाऊ नका. तो समुद्रात बुडतो डिसेंबर-जानेवारीत. मेमध्ये डोंगरामागे जातो आणि लवकर जातो.

डोंगरवेडी
आणि डिसेंबर-जानेवारीत पाऊस, उकाडा आणि दुप्पट भाड्याची हॉटेलं, हे नाही लिहिणार का? मे-जूनमध्ये आभाळ मोकळं असतं, पुतळा दिसायची शक्यता जास्त. एका सूर्यास्तासाठी बाकी सगळं भिजवून घ्या म्हणावं.

हिशेबी
बघा, आता तुम्हीसुद्धा पुतळ्यासाठी महिना निवडताय.