जेम्स कॉटनचा 'डीप इन द ब्लूज' ऐकायलोय, माझा माउथ ऑर्गन असा कामून वाजत नाही?

सेलूकर_जिनिंग
मंडळी नमस्कार. मी जिनिंगवर काट्यावर असतो, सध्या सीझन चालूय अन् रात्रपाळी आहे. पहाटं पहाटं कापसाच्या गाड्या कमी झाल्या की हेडफोन लावून काहीबाही ऐकत बसतो. मागच्या आठवड्यात जेम्स कॉटन ह्या अमेरिकन माउथ ऑर्गनवाल्याचा डीप इन द ब्लूज हा अल्बम हाती लागला, ब्लूज म्हणजे तिकडच्या काळ्या लोकांचं गाणं. खरं सांगू का, नाव बघूनच लावला, समोर कापसाच्या गंज्या अन् वाजवणाऱ्याचं आडनाव कॉटन! तवापासून दुसरं काही ऐकूच वाटंना झालंय.

एक गिटार, एक तो मोठा उभा बेस, अन् माउथ ऑर्गन. कुठं कुठं पियानो. ढोल-ड्रम काहीच नाही. अन् माउथ ऑर्गन असा की जणू कुणी दाटल्या गळ्यानं बोलायलंय, मधीच सूर हळूच खाली घसरतो आणि पुन्हा वर येतो, श्वास घेतलेला पण ऐकू येतो. माझ्याकडं मामाचा जुना माउथ ऑर्गन आहे, २४ भोकांचा, वरखाली दोन ओळी. त्याच्यावर पिच्चरची गाणी मी बऱ्यापैकी वाजवतो पण हे सूर घसरवणं काही केल्या जमंना. कितीबी जोर लावून ओढलं तरी नाहीच. माझं चुकायलंय का वाद्यच वेगळंय? वेगळं असंल तर कोणतं घ्यावं?

हार्पवाला_संभाजीनगर
दादा तुझं काही चुकत नाही, वाद्यच वेगळंय. मामाचा तो ट्रेमोलो. त्याच्यात एका सुराला दोन पत्त्या (हवेनं थरथरणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या) असतात, एक दुसरीपेक्षा किंचित चढी, म्हणून तो थरथरता गोड आवाज येतो. पण प्रत्येक पत्तीला स्वतंत्र कप्पा असतो, त्यामुळं सूर खाली वाकवता येत नाही. कॉटन वाजवायचा ती १० भोकांची डायटॉनिक, तिला सगळे हार्प म्हणतात. तिच्यात एकाच भोकात फुंकायची पत्ती अन् ओढायची पत्ती समोरासमोर असतात, एकूण २०. ओढता ओढता जीभ मागं घेऊन तोंडातली पोकळी बदलली की दोन्ही पत्त्या मिळून वाजायला लागतात आणि सूर खाली उतरतो. ह्यालाच बेंड म्हणतात. शीळ घालताना आपण सूर वरून खाली आणतो ना, तोंडात तेच करायचं, 'ई' म्हणता म्हणता 'ऊ' वर यायचं. जोर लावू नको, जोरानं नवी पत्ती बेसूर होते, माझी ४ नंबरच्या भोकाची पहिल्याच महिन्यात गेली होती.

आणि दुसरी गंमत, हे ब्लूजवाले सी पट्टीचा हार्प घेतात अन् वाजवतात जी पट्टीत. म्हणजे २ नंबरचं भोक ओढलं की तो सा. फुंकण्यापेक्षा ओढण्यावर सगळा खेळ, अन् जे सूर वाकतात नेमके तेच हाताशी येतात. घ्यायचा तर सी चाच घे. होनर कंपनीचा स्पेशल २० चांगला, आतली फणी, म्हणजे भोकांचा सांगाडा, प्लास्टिकची असते. त्यांच्याच मरीन बँड मॉडेलची लाकडी, आवाज भारी पण सुरुवातीला नको. आणि जिनिंगवर खिशात उघडा ठेवू नको बाबा, कापसाचा तंतू पत्तीत अडकला की तो सूर मुकाच.

निवृत्त_गुरुजी_नांदेड
वा, आमच्या भागातून असा प्रश्न आला ह्याचा आनंद झाला. मी आयुष्यभर पेटी वाजवली, शाळेत संगीत शिकवलं, त्यामुळे थोडं आपल्या बाजूने सांगतो. वरच्यांनी २ नंबरला सा सांगितला तो धरा. मग ३ नंबर ओढला की शुद्ध गंधार, ४ ला पंचम आणि ५ ला कोमल निषाद आपसूक मिळतो. आता तो ३ नंबर थोडा थोडा खाली ओढत आणा. शुद्ध गंधार आणि कोमल गंधार ह्यांच्या मध्ये कुठंतरी एक जागा आहे जी माझ्या पेटीवर नाहीच, दोन पट्ट्यांच्या फटीत हरवलेली. गळ्याला ती सापडते, सारंगीला सापडते, आणि ह्या दहा भोकांच्या वाद्यालाही सापडते. ब्लूजचा जीव तिथं आहे. सेलूकर, तुम्ही जे घसरणं म्हणता त्याला आपण मींड म्हणतो.

अजून एक. हा कॉटन १९३५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपीत ट्यूनिकाजवळ कापसाच्या मळ्यावर जन्मला. त्या शेतांवर काळे मजूर राबताना गायचे, एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. माझ्या लहानपणी खुरपणीला, काढणीला बाया-माणसं भलरी म्हणायची ती अशीच उचलून धरायची. त्यांच्यामागे गुलामीचा इतिहास आहे तो आपला नाही, ते दुःख आपलं म्हणून सांगू नये. पण उन्हात पाठ वाकलेली असताना गाणं कामाला लय देतं हे आपल्या काळ्या रानातल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

अंबाजोगाईचा_दिनू
गुरुजी भारी लिहिलंत. पण मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. मला हा अल्बम तेवढा भिडला नाही. कॉटन म्हणजे माझ्यासाठी धडाका. मडी वॉटर्स ह्या मोठ्या ब्लूज गायकाच्या बँडमधी दहा-बारा वर्षं काढलेला गडी, १९६० च्या न्यूपोर्टच्या संगीत महोत्सवात त्याच्यासोबत स्टेजवर होता, पुढं १९६६ ला स्वतःचा बँड काढला, वाजवता वाजवता स्टेजवर कोलांट्या मारायचा. हातात माईक अन् हार्प एकत्र धरून ॲम्प्लिफायरमधून जो फाटका मोठा आवाज निघतो तो खरा कॉटन. इथं आवाज बसलेला, गाताना शब्द पण नीट उमटत नाहीत. सेलूकरला सुरुवात म्हणून जुनंच ऐकवलं पाहिजे.

हार्पवाला_संभाजीनगर
दिनू, आवाज बसलेला नाही रे, त्याला घशाचा कॅन्सर झाला होता. हा अल्बम १९९६ चा, म्हणजे त्या आजारानंतरचा. साठीला टेकलेला माणूस, गळा गेलेला, तरी गायला बसलाय. म्हणून तर मला हाच सगळ्यात जवळचा वाटतो. ओळ म्हणताना गळा जिथं अडकतो तिथून पुढं हार्प ती ओळ घेऊन जातं, नीट कान देऊन ऐक एकदा. सोबतीला जो लुई वॉकरची गिटार अन् चार्ली हेडनचा बेस. हेडन जाझमधला केवढा मोठा माणूस, पण इथं दोन सुरांच्या मधी गप्प बसतो, त्या गप्प बसण्यानं कॉटनला जागा मिळते. ॲम्प्लिफायर असता तर हे झाकलं गेलं असतं. १९९७ ला पारंपरिक ब्लूजचं ग्रॅमी मिळालं ह्याला, ते सोड, ते नसतं मिळालं तरी मी हेच म्हणलो असतो. पुढच्या अल्बमांत बहुतेक गाणी दुसऱ्यांनीच गायली, तो फक्त वाजवायचा. २०१७ ला गेला.

जुनं पण ऐकावंच ह्यात वाद नाही. पण शिकणाऱ्यानं हे आधी ऐकावं, कारण इथं जीभ कुठं फिरली, श्वास कुठं घेतला, हाताचा पंजा कवा उघडला सगळं कळतं.

अंबाजोगाईचा_दिनू
कॅन्सरचं मला माहीत नव्हतं. आज रात्री लाईट बंद करून परत ऐकतो.

सेलूकर_जिनिंग
सगळ्यांचे लई आभार. सी चा हार्प आला परवा. पहिले दोन दिवस नुसती फुसफुस, घरचे वैतागले. काल पहाटं काट्यावर कुणीच नव्हतं, हार्पवाल्यानं सांगितलेलं डोक्यात ठेवून ४ नंबर ओढत ई-ऊ ई-ऊ करत बसलो, अन् एकदम सूर खाली उतरला की हो! अंगावर काटा आला. लगेच दहा-पंधरा बार केलं, त्यातलं चारेक बार जमलं. ३ नंबर मात्र काही केल्या ऐकंना, एकदम खाली जातो नाहीतर जागचा हलतच नाही, ती गुरुजींची मधली जागा काही लागंना. त्याला काय करावं?

निवृत्त_गुरुजी_नांदेड
४ नंबर उतरला, शाब्बास! ३ नंबरला आधी गळ्यानं म्हणा. वाद्य बाजूला ठेवून शुद्ध गंधारापासून कोमलपर्यंत आ-कारात हळू उतरायचं, रोज थोडा वेळ. गळ्याला जागा कळली की जीभ तिथं जाईल. महिना दोन महिने लागतील, घाई करू नका.