मदत हवी आहे: वडिलांचं फुफ्फुसाचं लो-डोस सीटी स्कॅन करावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही तासगावचे. वडील ६४ वर्षांचे, द्राक्षबागेत राबलेले. तरुणपणापासून रोज एक-दीड बंडल बिडी ओढायचे. चार वर्षांपूर्वी सोडली, पण सदऱ्याच्या खिशात काडेपेटी अजून असते. सध्या खोकला नाही, वजनही नीट आहे.

थोरल्या काकांना फुफ्फुसाचा कॅन्सर झाला, तो शेवटच्या टप्प्यात कळला. आधी टीबी समजून औषधं चालू होती. म्हणून जीव धास्तावलाय.

अमेरिकेतल्या शिफारशीनुसार ५० ते ८० वय, रोज एक पाकीट याप्रमाणे २० वर्षांइतकं धूम्रपान आणि सोडून १५ वर्षं झाली नसतील, तर वर्षातून एकदा लो-डोस सीटी (नेहमीपेक्षा कमी क्ष-किरण वापरून केलेला स्कॅन) करतात. साध्या एक्स-रेमध्ये लहान गाठ सुटू शकते. पण हा हिशोब सिगारेटचा, बिडीचा कसा धरायचा?

मिरज-सांगलीत ही तपासणी कुठे होते, खर्च किती? वडिलांना पूर्वी टीबी झाला होता. त्याचे जुने डाग दिसले तर उगाच बायोप्सीपर्यंत जावं लागतं का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा. आणि आईनं बिडीला हात लावला नाही, पण जन्मभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केला. तिचीही तपासणी करावी का?