शब्दचर्चा : ‘रँच हँड’ म्हणजे गडी, मजूर की अजून काही?

निवडुंग : आमच्या वाचनगटासाठी अमेरिकन लेखक स्टाइनबेकच्या ‘ऑफ माइस अँड मेन’ या कादंबरिकेतले (१९३७) काही प्रसंग मराठीत करतोय. ‘रँच हँड’पाशी, म्हणजे तिकडच्या मोठ्या शेतावर राबणाऱ्या माणसापाशी, गाडी अडली. मी ‘गडी’ लिहिलं. गटातल्या एका ताईंनी तिथल्या तिथे खोडलं : “गडी म्हणजे घरात भांडी घासणारा. हे मजूर आहेत.” आमच्या आजोळी, सांगलीकडे, रानात राबणाऱ्याला गडीच म्हणत. शिवाय ‘मजूर’ केलं की एक गोष्ट हातची जाते. त्यात कँडी नावाचा म्हातारा झाडूवाला आहे, त्याच रँचवर त्याचा हात गेलाय आणि मालकाने भरपाई दिलीय अडीचशे डॉलर. ज्याला आयुष्यभर ‘हँड’ म्हटलं त्याचाच हात गेला. हे मराठीत कसं आणू?

बीडचा बाण : गडी नका लिहू. आमच्याकडं गडी म्हणजे सालगडी. पाडव्याला साल ठरतं, पाडव्याला सुटतं, वर्षभर एकाच मालकाच्या दावणीला. त्यातले दोघे सोबती, जॉर्ज आणि मंदबुद्धी लेनी, महिना पन्नास डॉलरवर बार्लीची पोती उचलायला आलेत, सॅन फ्रान्सिस्कोहून कामाची चिठ्ठी घेऊन. अजून पहिला पगार व्हायचाय. त्यांना साल कुठलं?
आता तुमच्या ‘हँड’चं. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. कामाला जेवढं लागतं तेवढंच मोजायचं, बाकीचा माणूस हिशेबात नाही. तिकडं हात, इकडं कोयता. पण म्हणून कोयता लिहू नका, कॅलिफोर्नियात ऊस उगवेल.

जुनापुराणा : ‘गडी’ हा शब्द ‘गड’वरून आला आहे. गडावरची शिबंदी म्हणजे गडी. पुढे गड गेले, शिबंदी शेतावर आली.

मधलीआळी : जुनापुराणा, गडावरून गडकरी येतो. प्रत्येक शब्दाला किल्ल्यावर चढवायलाच हवं का? खेळगडी, सवंगडी, “गड्या ऐक ना”, “आट्यापाट्यांना आमच्याकडे एक गडी कमी आहे” हे सगळं आठवा. एकाच शब्दात राबणाराही आहे आणि सोबतीही. ही कादंबरिका नेमकी त्याच फटीत बसलीय. माझं मत गडीला.

जुनापुराणा : ‘सवंगडी’ची फोड वेगळी आहे. सवडीने लिहीन.

फ्रेस्नोकर : सेंट्रल व्हॅलीत राहतो, म्हणून थोडी भर. कथा घडते सोलेदादच्या दक्षिणेला. स्पॅनिशमध्ये ‘सोलेदाद’ म्हणजेच एकटेपणा. गावाचं नाव खरं आहे, लेखकाने बनवलेलं नाही, पण सालिनासमध्येच जन्मलेला माणूस, त्याला अर्थ ठाऊक नसेल असं मानायला मी तयार नाही. आणि १९४२ ते १९६४ मेक्सिकोतून करारावर जे शेतमजूर आणले त्यांना ‘ब्रासेरो’ म्हणत. ‘ब्रासो’ म्हणजे बाहू. कोयता, हात, बाहू, सगळीकडे एकच तऱ्हा. मुकादमाला इथे ‘काँत्रातिस्ता’ म्हणतात.

सुबोधिनी : परभाषेतले आणि बोलीतले शब्द टाळून ‘कृषिश्रमिक’ हा सुटसुटीत शब्द वापरता येईल. स्थलांतरितांसाठी ‘प्रवासी कृषिश्रमिक’.

बीडचा बाण : “जॉर्ज, सांग ना रे, आपण दोघे प्रवासी कृषिश्रमिक ससे कधी पाळायचे?” बोला, लेनी असं बोलेल?

सुबोधिनी : प्रत्येक वेळी ग्रामीण बोली वापरली म्हणजे भाषांतर अस्सल होतं असं नाही. पात्रं अमेरिकन आहेत, बीडची नाहीत.

मधलीआळी : ते मान्य. पण शासकीय परिपत्रकातलीही नाहीत.

निवडुंग : भांडण नको. आणखी एक अडचण. क्रुक्सचा प्रसंग. तबेल्यातला एकटा काळा माणूस, घोड्यांच्या सामानाच्या खोलीत वेगळा राहतो. बाकीचे लोक नाल फेकायच्या खेळात त्याला घेतात, तो चांगला खेळतोही. पण आत पत्ते खेळायला त्याला मज्जाव. खोलीत पुस्तकं, त्यात १९०५चा कॅलिफोर्नियाचा दिवाणी कायदा. लेनी दारात येतो तेव्हा क्रुक्स आधी हुसकतो तो माझ्या हक्काची खोली म्हणून, मग आपणच बोलत सुटतो. तिथे मी ‘एकाकीपणा’ लिहिलंय आणि ते कागदी वाटतंय.

मधलीआळी : एकाकीपणा समीक्षेत शोभतो. एकलकोंडा तर स्वभाव झाला, दोष त्याच्यावरच. मराठी माणूस एकटा पडल्यावर नाम वापरतच नाही, “करमत नाही” म्हणतो. क्रुक्सच्या तोंडी : “कुणीच नसलं ना, की करमत नाही. मग डोकं फिरतं.” बस.

सुबोधिनी : ‘करमत नाही’ फार हलकं आहे. सासुरवाशिणीला सासरी करमत नाही. हा माणूस वेडाच्या काठावर आहे.

मधलीआळी : सासरी न करमणं हलकं? कोणत्या बाईला विचारलंत?

पोंबुर्पेकर : मला पत्त्यांवरून आठवलं. जॉर्ज सतत एकट्याने पत्ते लावत बसतो. आमच्या घरी त्याला पेशन्स म्हणत, आजोबा दुपारभर लावायचे आणि पान अडलं की खुशाल फसवायचे. पत्त्यांत जोडीदाराला म्हणतात भिडू. लेनी शेजारी असूनही जॉर्जला भिडू नाही, कारण लेनीला खेळ कळायचा नाही. त्यांच्या नात्याला ‘भिडू’ वापरून बघा.

बीडचा बाण : भिडू आता मुंबईच्या टपोरीचा झाला. ऐकला की लोक हसतात.

फ्रेस्नोकर : सगळे एकाच पुस्तकात अडकलेत. स्टाइनबेकच्याच ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’मधलं (१९३९) जोड कुटुंब ओक्लाहोमाहून सगळं बिऱ्हाड गाडीत घालून निघतं. त्यांचे हाल वेगळे : उपासमार, पोलीस, फळं तोडायचा पडता भाव. वाटेत घर फुटत जातं, पण एकटं नसतं कुणी. बुलोसानच्या ‘अमेरिका इज इन द हार्ट’मधले (१९४६) फिलिपिनो मात्र बहुतेक एकटे पुरुष. बायका फारशा आल्याच नव्हत्या आणि १९३३ साली कॅलिफोर्नियाने गोऱ्या बाईशी त्यांचं लग्नही कायद्याने बंद केलं. तिथलं एकटेपण म्हणजे करमत नाही एवढंच नाही, ते कायद्याने लादलेलं. तीन पुस्तकांना एक शब्द पुरणार नाही.

मधलीआळी : म्हणून तर मराठीत शब्द सापडत नाही असं मला वाटतं. आपल्याकडे पोटासाठी निघालेला माणूस जोडीने जातो, टोळीने जातो. मुंबईला गेलेला चाकरमानीसुद्धा गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकायचा, जेवायला खानावळ. एकटा सडाफटिंग मजूर आपल्या भाषेने फारसा पाहिलाच नाही.

बीडचा बाण : पाहिलाय. फक्त लिहिला नाही. टोळीतही माणूस एकटा असतो, मधलीआळी. गावी म्हाताऱ्यापाशी पोरं ठेवून सहा महिने कोपीत राहणाऱ्या बाईला विचारा.

निवडुंग : हे पटलं. रँचवरच्या त्या बंकहाउसमध्येही, म्हणजे मजुरांच्या सामाईक खोलीतही, सगळे एकत्रच झोपतात. व्हिट नावाचा पोरगा एक जुनं मासिक जपून ठेवतो, का, तर पूर्वी तिथे काम करून गेलेल्या एकाचं पत्र त्यात छापून आलंय. ओळखीच्या माणसाचं नाव छापलेलं, एवढाच आनंद. बरं, बंकहाउसला काय म्हणू? गाळा?

जुनापुराणा : गाळा गिरणगावातला. ‘बराक’ म्हणा.

सुबोधिनी : बराकीत सैनिक राहतात. ‘श्रमिकनिवास’?

पोंबुर्पेकर : देवा!

फ्रेस्नोकर : जोडांसारख्यांना हिणवून ‘ओकी’ म्हणत, ओक्लाहोमावरून. तो शब्द मराठीत जसाच्या तसा ठेवू नका, वाचक ओकारी समजतील.

मधलीआळी : उलट ठेवाच! शिवीच आहे ना ती? शिसारी आपोआप आली तर अनुवादकाचे कष्ट वाचले.

जुनापुराणा : ‘ओकारी’ आणि ‘ओक्लाहोमा’ यांचा संबंध नाही. ओक्लाहोमा हा चॉक्टॉ भाषेतला शब्द, अर्थ ‘तांबडे लोक’.

बीडचा बाण : चला, आज जुनापुराणांची एक तरी व्युत्पत्ती खरी निघाली. आता सवंगडीची फोड कधी?

जुनापुराणा : रविवारी. आणि गडीची मी मागे घेतलेली नाही.