नेदरलँड्समध्ये बाळंतपण, आईचं ऐकू की इथल्या बाईंचं?

चोपड्याची_लेक
मी आइंडहोवनला असते, बाळ तीन आठवड्यांचं आहे. इथे बाळंतिणीचं बघायला आठ दिवस घरी बाई येते, क्रामझोर्ग म्हणतात, आणि त्याच आठवड्यात आईपण आली. बाईंनी पहिल्याच दिवशी बाळाचं टोपडं काढलं, खिडकी उघडली, खोली १८ डिग्रीच ठेवा म्हणाल्या. आई तेव्हा गप्प बसली पण रात्री मला म्हणाली, पोराले वारा लागू देऊ नको माय, आणि रडायलाच लागली. पाचवीला सकाळी बाळाच्या टाचेतून तपासणीला रक्त घेतलं आणि संध्याकाळी आम्ही पाटावर कोरा कागद-पेन ठेवून सटवाई पुजली, आई दिवसभर म्हणे आजच कशाला सुई टोचायची. आता बाई येत नाहीत तर आईने शेक-धुरीला कोळशाची शेगडी काढलीय आणि घुटीत मध घालायचं म्हणते. एवढ्या लांब माझ्यासाठी आलीय, मला तिचं मन मोडवत नाही. त्यात कालपासून बाळाचं नाक चोंदलंय, ताप नाहीये. काय करू?

भुसावळकर_उट्रेख्त
शेगडी आजच बंद कर गं. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीला फटी असतात, कौलातून धूर जातो, इथली घरं डब्यासारखी बंद, कोळशाचा गॅस साचला तर वासही येत नाही. आईला नाही म्हणू नकोस, शेक दुसऱ्या कशाने दे. माझ्या वेळी बाईंनी बाळाच्या पाळण्यात गरम पाण्याची धातूची बाटली ठेवली होती, कापडी पिशवीत घालून, पांघरुणाच्या वर, बाळापासून वीतभर लांब. माझी आई ती हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसली, मग म्हणाली, म्हणजे यांच्यातबी ऊब देतात. त्या दिवसापासून दोघींचं जमलं.

धुळे_बालरोग
मी इथे धुळ्यात लहान मुलांचं बघतो. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, थेंबभरसुद्धा, त्यातल्या जंतूने लहान बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो आणि हे मी इथल्या आज्यांनाही रोज सांगतो. नाकाला सलाइनचे थेंब, अंगावरचं दूध चालू. पण तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि ताप ३८ डिग्री सेल्सिअस किंवा त्याच्या वर गेला, किंवा दूध ओढेना, श्वासाला छाती आत जाते, तर रात्र असो की रविवार, लगेच फोन करा. मोठ्या मुलाच्या तापाला तिकडचे डॉक्टर पॅरासिटामॉल देऊन थांबा म्हणतात ते बहुतेक वेळा बरोबरच असतं, एवढ्या लहान बाळाला मात्र थांबायचं नसतं. घरात टोपडं नको हेही बरोबर, झोपेत बाळ जास्त तापणं धोक्याचं.

शेपूची_भाजी
लाडू, बाजरीची भाकरी, बाळंतशेपा हे सगळं आईला करू दे ना, त्याला कोण नाही म्हणतंय! इथले लोकही बाळ झालं की टोस्टवर लोणी लावून साखरेत घोळलेले बडीशेपेसारखेच दाणे वाटतात, मौशेस म्हणतात, दूध येतं असं त्यांच्याकडेही म्हणायचे. आईला एक खायला दे.

चोपड्याची_लेक
सगळ्यांना मनापासून थँक्यू. डॉक्टर, तुमचा मेसेज आईला मोठ्याने वाचून दाखवला, धुळ्याचे डॉक्टर म्हटल्यावर मधाची बाटली तिनेच उचलून वर ठेवली. नाक आज मोकळं आहे, दूध नीट पितोय. शेगडी बाल्कनीत गेली. दुकानातून गरम पाण्याची बाटली आणलीय आणि आई आत्ता तिच्या जुन्या लुगड्याची पिशवी शिवतेय तिला.