दीपनगर इतके जवळ असूनही ट्यूबवेलला व्होल्टेज का मिळत नाही? कॅपॅसिटर आणि ग्रिडचे स्थैर्य

प्रश्न : केळी बागायतदार, रावेर तालुका

नमस्कार. आमच्याकडे 5 एचपीच्या दोन ट्यूबवेल असून एका डीपीवर (वितरण रोहित्रावर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर) आम्ही एकूण बारा शेतकरी आहोत. दिवसा सगळ्यांच्या मोटारी चालू असल्या की दोन फेजमधील व्होल्टेज 350 च्या आसपास घसरते, आणि रात्रीच्या पाळीत निम्म्या मोटारी बंद असल्या की तेच व्होल्टेज 430 पर्यंत चढते. निसवणीच्या (घड बाहेर पडण्याच्या) वेळी पाणी कमी पडले तर घड भरत नाही, म्हणून मोटार बंदही ठेवता येत नाही, आणि या हंगामात एक मोटार जळून रिवाइंडिंगचा खर्च आधीच झाला आहे. प्रत्येक मोटारीला कॅपॅसिटर बसवावा असा सल्ला मिळाला आहे. माझे प्रश्न दोन आहेत. दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र आमच्यापासून इतके जवळ असताना व्होल्टेज कमी का पडावे? आणि शेतातला दोन केव्हीएआरचा कॅपॅसिटर खरोखर ग्रिडला स्थैर्य देतो, की तो केवळ आपल्या मोटारीपुरता असतो?

उत्तर 1 : निवृत्त वितरण अभियंता, जळगाव

आपल्या पहिल्या प्रश्नातच दुसऱ्याचे उत्तर दडलेले आहे. मोटारीला दोन प्रकारची शक्ती लागते. एक प्रत्यक्ष पाणी उपसते, तिला ॲक्टिव्ह पॉवर म्हणतात. दुसरी मोटारीच्या आत चुंबकीय क्षेत्र उभे करते, ती रिॲक्टिव्ह पॉवर होय, आणि ती केव्हीएआरमध्ये मोजतात. ही दुसरी शक्ती खर्च होत नाही. प्रत्येक फेजमध्ये ती सेकंदाला शंभर वेळा जाते आणि परत येते, परंतु तिच्यासाठी लागणारा करंट तारांतून आणि रोहित्रांतून वाहतोच, आणि व्होल्टेज खाली आणण्यात त्याचा वाटा मोठा असतो.

दीपनगरची ॲक्टिव्ह पॉवर शेकडो किलोमीटर दूर पाठवता येते. रिॲक्टिव्ह पॉवर मात्र तशी जात नाही. केंद्रापासून आपल्या विहिरीपर्यंत उच्च दाबाच्या वाहिन्या, त्यानंतर 132, 33 आणि 11 केव्हीचे टप्पे, आणि शेवटी आपली डीपी अशी रोहित्रांची साखळी आहे, आणि प्रत्येक रोहित्राची रिॲक्टन्स (बदलत्या करंटला होणारा चुंबकीय अडथळा) थोडी थोडी रिॲक्टिव्ह पॉवर स्वतःच गिळते. पांझरा नदीच्या फडावर (बंधाऱ्याच्या पाटाने सामाईक पाणी मिळणाऱ्या शेतात) ज्यांनी पाणी दिले आहे त्यांना हे सहज कळेल : पाटाच्या तोंडाशी पाणी कितीही असले तरी शेवटच्या वावराला पोहोचेपर्यंत ते पाझरते. म्हणून रिॲक्टिव्ह पॉवर जिथे लागते तिथेच निर्माण करणे हा एकमेव शहाणपणाचा मार्ग आहे, आणि मोटारीजवळचा कॅपॅसिटर नेमके हेच करतो.

आता हिशोब पाहू. 5 एचपीची मोटार पूर्ण भारावर साधारण 4.5 किलोवॅट घेते. तिचा पॉवर फॅक्टर (एकूण शक्तीतील ॲक्टिव्ह पॉवरचे प्रमाण) 0.78 धरला तर तिला सुमारे 3.6 केव्हीएआर लागतात आणि 415 व्होल्टला करंट 8 अँपिअर येतो. 2 केव्हीएआरचा कॅपॅसिटर लावल्यावर पॉवर फॅक्टर 0.94 च्या आसपास जातो आणि करंट सुमारे 6.65 अँपिअरवर येतो. करंट 17 टक्क्यांनी कमी झाला तर तारेतील उष्णतेचा नाश जवळजवळ 31 टक्क्यांनी कमी होतो, कारण तो करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. आपली डीपी 63 केव्हीए क्षमतेची असेल तर कॅपॅसिटरविना अशा अकरा मोटारीच तिला भरून टाकतात, कॅपॅसिटर असल्यास तेरा चालतात. बारा शेतकऱ्यांच्या डीपीवर हा फरक फार मोठा आहे, पण तो बाराही जणांनी लावला तरच.

बसवताना कॅपॅसिटर स्टार्टरच्या पुढे, मोटारीच्या बाजूला जोडावा, म्हणजे मोटार बंद झाली की तोही लाइनवरून सुटेल. तो ओव्हरलोड रिलेच्या (जास्त करंट गेल्यास मोटार बंद करणाऱ्या) पुढे असेल तर रिलेतून जाणारा करंट कमी होतो, म्हणून रिलेचे सेटिंगही त्याप्रमाणे खाली आणावे, अन्यथा मोटारीचे संरक्षणच ढिले पडते. हे सांगितले जात नाही आणि मोटारी जळतात. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर जोडणी वेगळी असते, ती जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी. ऑटो स्विच (वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारा) मात्र काढून टाकावा. वीज परतताच सगळ्या मोटारी एका क्षणी सुटल्या की प्रत्येक मोटार पूर्ण भाराच्या पाच-सहा पट करंट ओढते, त्यातील बहुतांश रिॲक्टिव्ह असतो, आणि डीपी जळण्यामागे हे एक मोठे कारण मी सेवेत असताना पुन्हा पुन्हा पाहिले.

उत्तर 2 : शेतकरी, चोपडा तालुका

आमच्या डीपीवर दहापैकी सात जणांनी कॅपॅसिटर लावल्यावर व्होल्टेज 355 वरून 375 पर्यंत आले. पण शेवटच्या खांबावरील शेतकऱ्याला फारसा फायदा झाला नाही, कारण त्याच्यापर्यंतची लघुदाबाची तार लांब आणि बारीक आहे. एकाने कॅपॅसिटर मीटरपाशी कायमचा जोडून ठेवला होता, तो मोटार बंद असतानाही लाइनवर राहत असे. रात्री 440 व्होल्ट दिसत होते, ते त्यामुळेही वाढले असेल का?

उत्तर 3 : पारेषण अभियंता, धुळे

होय. भार नसताना जोडलेला राहणारा कॅपॅसिटर व्होल्टेज आणखी वर ढकलतो. तारेचे आपले निरीक्षणही अचूक आहे : लघुदाबाच्या बारीक तारेत रेझिस्टन्सचा वाटा रिॲक्टन्सपेक्षा जास्त असतो, म्हणून तेथे कॅपॅसिटरचा उपयोग मर्यादित राहतो. जाड तार किंवा विहिरीजवळ लहान रोहित्र हाच तेथील उपाय आहे.

पहिल्या उत्तराशी मी सहमत आहे, पण ‘ग्रिडला स्थैर्य’ या शब्दांबाबत एक गोष्ट स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. कॅपॅसिटरची रिॲक्टिव्ह पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आपल्या 350 व्होल्टला 2 केव्हीएआरचा कॅपॅसिटर केवळ 1.4 केव्हीएआर देतो, म्हणजे गरज सर्वाधिक असते तेव्हाच तो दुबळा पडतो. मोटार मात्र व्होल्टेज घटले की तेच काम करण्यासाठी अधिक करंट घेते. त्यातच उपकेंद्रातील टॅप चेंजर (रोहित्राचे व्होल्टेज वर-खाली करणारी यंत्रणा) खालचे व्होल्टेज पूर्ववत करण्यासाठी टॅप बदलत राहतो आणि वरच्या वाहिनीवरील ओढ आणखी वाढवतो. 23 जुलै 1987 रोजी टोकियोत हेच घडले. उन्हाळ्यातील दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर वातानुकूलन यंत्रांमुळे मागणी झपाट्याने वाढली, कॅपॅसिटर जोडूनही व्होल्टेज सावरले नाही आणि सुमारे 8,000 मेगावॅट भाराचा पुरवठा तुटला. तेथे जनित्रांची कमतरता नव्हती. कमतरता होती ती योग्य ठिकाणी, योग्य वेगाने मिळणाऱ्या रिॲक्टिव्ह पॉवरची.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. 400 केव्हीची वाहिनी कमी भारावर असते तेव्हा ती स्वतःच कॅपॅसिटरप्रमाणे वागते आणि दर 100 किलोमीटरमागे साधारण 55 मेगाव्हार (एक मेगाव्हार म्हणजे 1,000 केव्हीएआर) तयार करते. 765 केव्हीची वाहिनी त्याच्या कितीतरी पट. धुळ्याचे 765 केव्ही उपकेंद्र औरंगाबाद आणि वडोदऱ्याकडील लांब वाहिन्यांच्या सांध्यावर आहे. रात्री किंवा पावसाळ्यात, कृषिपंप बंद असताना अशा ठिकाणी प्रश्न व्होल्टेज वाढवण्याचा नसून ते दाबून धरण्याचा असतो, आणि त्यासाठी शंट रिॲक्टर (जास्तीची रिॲक्टिव्ह पॉवर शोषणारी उपकरणे) लागतात. 400 केव्ही जाळ्यासाठी ग्रिड कोडची मर्यादा 380 ते 420 केव्ही आहे. 28 एप्रिल 2025 रोजी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले त्या घटनेत व्होल्टेज वाढत गेल्याने निर्मिती केंद्रे एकामागून एक तुटत गेली. अशा दोन्ही प्रकारच्या धोक्यांसाठी औरंगाबाद आणि सोलापूर येथे पॉवरग्रिडने स्टॅटकॉम ही उपकरणे बसवली आहेत. ती गरजेप्रमाणे रिॲक्टिव्ह पॉवर देतात किंवा शोषतात, काही मिलिसेकंदांत दिशा बदलतात, आणि त्यांचा करंट व्होल्टेज घसरले तरी टिकून राहतो.

प्रश्नकर्ता

सर, मग सौर वाहिनी योजनेतून आमच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प आला तर दिवसाचे व्होल्टेज आपोआप सुधारेल का?

उत्तर 3 (पुढे) : पारेषण अभियंता, धुळे

काही प्रमाणात सुधारेल, कारण वीज जवळून येऊ लागेल. परंतु प्रकल्पाचा इन्व्हर्टर (सौर वीज ग्रिडला जोडण्याजोगी करणारे यंत्र) एकक पॉवर फॅक्टरवर, म्हणजे फक्त ॲक्टिव्ह पॉवर देत, अडकवून ठेवला तर मोटारींची रिॲक्टिव्ह गरज वरच्या जाळ्यावरच राहील. 33 केव्ही आणि त्यावरील जोडणीसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या मानकांनुसार सौर व पवन प्रकल्पांना 0.95 लॅगिंग ते 0.95 लीडिंग या पट्ट्यात, म्हणजे देणे आणि शोषणे या दोन्ही दिशांना, रिॲक्टिव्ह पॉवर बदलती ठेवता आली पाहिजे. साक्री-ब्राह्मणवेल भागातील पवनचक्क्या आणि सौर प्रकल्पांच्या दृष्टीने ही तरतूद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जुन्या पद्धतीची इंडक्शन जनित्रे असलेली पवनचक्की स्वतःच ग्रिडकडून रिॲक्टिव्ह पॉवर मागते, नवा इन्व्हर्टर ती देऊ शकतो. आपल्या 11 केव्ही वाहिनीवर हे घडवायचे तर प्रकल्पाचे व्होल्टेज नियंत्रण कोणत्या पद्धतीवर ठेवले आहे, ते उपकेंद्रात लेखी विचारून घ्या.

तोवर आपण बारा जणांनी एकाच आठवड्यात 2 केव्हीएआरचे कॅपॅसिटर बसवा, ऑटो स्विच काढा, आणि मोटारी दोन गटांत पाच मिनिटांच्या अंतराने सुरू करा. सौरपंपाचा किंवा व्हीएफडीचा (मोटारीचा वेग बदलणाऱ्या यंत्राचा) कंट्रोलर असेल तर त्याच्या आउटपुटला मात्र कॅपॅसिटर कधीही लावू नका, त्याने कंट्रोलर जळतो.

प्रश्नकर्ता

रविवारी डीपीवरील सर्वांना बोलावले आहे. बसवण्याआधी आणि नंतर सकाळी दहा, दुपारी दोन आणि रात्री अकरा या वेळांचे व्होल्टेज व करंट वहीत लिहून ठेवीन आणि आकडे येथेच मांडीन.