झिराडहून बेलापूरला रोज अप-डाऊन: रेवस-करंजा लाँच की पनवेलमार्गे एसटी?

झिराडची_लेक
नमस्कार सगळ्यांना. मला बेलापूरला सीबीडीत एका ऑफिसात अकाउंट्सला जॉब लागलाय, १ तारखेला जॉइन व्हायचंय. राहते झिराडला, अलिबाग-रेवस रोडवर. बाबांचं आत्ताच ऑपरेशन झालंय त्यामुळे तिकडे रूम घेऊन राहणं सध्या शक्य नाही, रोज जाऊन येऊनच करायचंय. आतापर्यंत काम अलिबागमध्येच होतं, विक्रम (शेअर रिक्षा) पकडली की झालं, त्यामुळे लोकल-बिकलची सवय अजिबात नाही.

ऑफिस १० ते ६.३०. मला दोन रस्ते दिसतायत, एक रेवसवरून लाँचने करंजा आणि मग उरणवरून लोकल, दुसरा अलिबागला जाऊन पनवेलची एसटी आणि पुढे लोकल. आई म्हणते लाँच नको, संध्याकाळची शेवटची चुकली तर पलीकडेच अडकशील. जे रोज जातात त्यांनी सांगा प्लीज, आणि पावसाळ्यात काय करता तेही. पास कुठला काढू?

करंजा_धक्का
ताई आधी अभिनंदन. अंतर बघितलंस तर लाँचला तोड नाही, खाडी ओलांडायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि तेच रस्त्याने पेण-वडखळ फिरून आलीस तर दोन तास जातात. उरणची लोकल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हापासून आपल्या साइडची बरीच पोरं नवी मुंबईत याच रस्त्याने जातायत, त्याच्या आधी गाडी खारकोपरपर्यंतच होती.

पण एक गोष्ट नीट समजून घे. रेवसला गाळ खूप आहे, ओहोटीला पाणी गेलं की लाँच धक्क्याला लागत नाही किंवा पाणी चढेपर्यंत थांबावं लागतं. म्हणून घड्याळाच्या आधी तिथी बघायची. आपल्याकडचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. एकादशी असेल तर अकराचे पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी सव्वाआठला भरती आणि रात्रीही त्याच सुमारास. हे दिवस तुझ्यासाठी बेस्ट, दशमी ते द्वादशी आरामात ये-जा होते. पुनव-अवसेला भरती येते बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी पण सहाला, बरोब्बर तुझ्या येण्या-जाण्याच्या वेळेला, आणि ते उधाणाचे दिवस म्हणून पाणी आतपर्यंत ओसरतं. पुढचे तीन-चार दिवस ओहोटी रोज पाऊण तास पुढे सरकते, चतुर्थीला नऊच्या सुमारास येते, म्हणजे तेव्हाही सकाळची पंचाईतच. भिंतीवरच्या कालनिर्णयवर तिथ्या असतातच, महिना सुरू झाला की हे दिवस पेनने मार्क करून ठेव, त्या दिवशी पनवेलमार्गेच जायचं.

दुसरं, ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, वरच्या पायऱ्या सुक्या दिसतात आणि खालच्या दोन-तीन हिरव्यागार, तिथेच पाय सटकतो. ऑफिसचे बूट ऑफिसातच ठेव आणि येता-जाता पट्ट्याची रबरी चप्पल घाल. लॅपटॉप असेल तर पाठीवरची सॅकच घे, एक हात कायम मोकळा पाहिजे.

करंज्याला उतरून शेअर रिक्षाने उरण स्टेशन. तिथून गाड्या कमी आहेत, एक चुकली की बराच वेळ बसावं लागतं म्हणून टाइमटेबल मोबाइलमध्ये ठेव. काही गाड्या बेलापूरला जातात, काही नेरूळला. नेरूळची मिळाली तरी सोडू नकोस, सीवूडला उतर आणि पनवेलकडे जाणारी धर, पुढचंच स्टेशन बेलापूर.

पोयनाडकर
आईचं म्हणणं मला पटतं. ६.३० ला ऑफिस सुटणार, स्टेशनवर येऊन गाडी मिळून उरणला पोचेपर्यंत पावणेआठ-आठ, पुढे करंजा. तोपर्यंत शेवटची लाँच मिळेल याची खात्री कोणी देणार नाही, शिवाय पावसाळा-उन्हाळा वेळा बदलतात. जॉइन व्हायच्या आधी एकदा धक्क्यावर जाऊन विचारून ये.

मी वर्षानुवर्षं पनवेल करतोय. अलिबाग-पनवेल विनाथांबा पकडायची, पनवेल स्टँडवरून स्टेशनला रिक्षा, आणि लोकलने खांदेश्वर, मानसरोवर, खारघर की बेलापूर, वीसेक मिनिटं. झिराडवरून तुला आधी उलटं अलिबागला यावं लागेल, म्हणजे सगळं मिळून तीन तास धर, सहाच्या आत घर सोडावं लागेल. वेळ जातो पण भरती-ओहोटीचं टेन्शन नाही. मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या सायन-पनवेल हायवेने पुढे जातात, कंडक्टरला आधी विचार, बेलापूरला उतरवत असतील तर पनवेलला गाडी बदलायची कटकट वाचली. येताना शुक्रवार संध्याकाळ फार वाईट, सगळे पर्यटक अलिबागकडे सुटलेले असतात आणि वडखळला गाड्यांची रांग.

पासचं सांगतो. एसटीचा मासिक पास २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस चालतो, पण तो आम्हा पुरुषांना परवडतो. मार्च २०२३ पासून बायकांना सगळ्या एसटीत अर्धं तिकीट आहे, महिन्याचे २५-२६ दिवस गेलीस तरी साधारण १३ दिवसांच्या पूर्ण भाड्याएवढेच पैसे होतात. म्हणून तू एसटीचा पास काढूच नकोस, रोज हाफ तिकीट घे. लोकलचा पास मात्र काढ.

मांडवा_ते_फोर्ट
मांडव्यावरून गेटवेचा विचार मनात असेल तर काढून टाक, ते आम्हा फोर्ट-नरिमन पॉइंटवाल्यांसाठी ठीक. तुला सीएसएमटीवरून पुन्हा बेलापूरपर्यंत उलटं यावं लागेल आणि जून ते ऑगस्ट त्या बोटी बंदच. रो-रो (गाड्या पण नेणारी मोठी बोट) पावसात पण चालते, भाऊच्या धक्क्याला उतरून डॉकयार्ड रोडवरून हार्बर लोकल मिळते, पण रोजसाठी महाग आणि लांब. एखाद्या दिवशी सगळंच बंद असेल तेव्हा उपयोगी पडेल एवढंच.

झिराडची_लेक
सगळ्यांचे खूप आभार, तिथीचं आजोबांच्या तोंडून ऐकलेलं पण ऑफिसला जायला कामाला येईल असं वाटलं नव्हतं. @करंजा_धक्का दादा, पावसाळ्यात रेवस-करंजा चालू असते का? आणि टायमिंगबद्दल एचआरशी जॉइन व्हायच्या आधीच बोलू का, की वाईट दिसेल?

बोडणीची_वहिनी
आधीच बोल बाई, अजिबात वाईट दिसत नाही. मी पण खाडीपलीकडे कामाला जाते आणि पहिल्याच आठवड्यात साहेबांना स्पष्ट सांगितलं, मला ९ ते ५.३० द्या, काम पूर्ण करून देईन. अकाउंट्सला महिनाअखेर सोडली तर कोणी अडवत नाही, आणि महिनाअखेरीला उशीर होणार हे धरूनच चाल. उरण किंवा पनवेलला मावशी, आत्या, कॉलेजची मैत्रीण कोणी असेल तर त्यांच्याकडे कपड्यांचा एक जोड ठेवून दे. रात्री अडकलीस तर जायला हक्काचं घर आहे एवढं आईला कळलं तरी तिला झोप लागेल.

पावसाळ्यात लाँच असते पण बंदरावर तीन नंबरचा बावटा (वादळी वाऱ्याचा इशारा) लागला की बंद, आणि तेव्हा कुणाशी वाद घालायचा नाही. वारा पडेपर्यंत पनवेल.

करंजा_धक्का
वहिनी बरोबर बोलल्या. रेवस-करंजा पुलाचं म्हणशील तर मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून ऐकतोय, आता कुठे काम सुरू झालंय, पण त्याच्या भरवशावर नोकरी धरू नकोस. आणि १ तारखेला पहिल्याच दिवशी लाँचने निघायचा विचार असेल तर तिथी बघून मला इथे टाक, सकाळी पाणी कसं असेल ते सांगतो.

झिराडची_लेक
१ ला द्वितीया येतेय.

करंजा_धक्का
मग भरती दीडला आणि ओहोटी साडेसातला, सकाळी रेवसला पाणी नसणार. पहिला दिवस पनवेलवरून जा, अलिबागहून पहाटेची गाडी धर. लाँचने नवमीपासून सुरू कर.